होडीचा वाटा

पनवेलच्या मासळी बाजारात गंगाबाईला भावात हरवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. तिच्या पाटीसमोर तहसील कचेरीतले साहेब यायचे, नवीन पनवेलच्या सेक्टरांतल्या नोकरदार बायका यायच्या. चाळीस वर्षं तिने सगळ्यांना आपल्याच भावात मासळी खायला घातली, आणि वर 'ताजी हाय गो, तुज्यासाठी ठेवली व्हती' असं सांगून खूशही केलं. अशा बाईला २०११ सालच्या संक्रांतीनंतर एका वकीलबाईंनी एक साधा प्रश्न विचारला आणि तिची बोलती बंद झाली.

वकीलबाईंचं नाव वसुंधरा. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. कामाला जाताना साहेबाला जिताडा मासा न्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीने गंगाबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेला चार किलोंचा जिताडा घेऊन जिना चढली होती. तो टेबलावर फायलींशेजारी ठेवला होता, आणि वसुंधराबाई त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या.

"शिवाच्या नावाने ट्रस्ट करायचा, हे ठरलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही गाळे ट्रस्टमध्ये घालायचे आणि भाडं फक्त त्याच्यासाठी वापरायचं, हेही ठरलं. आता सांगा, विश्वस्त कोण?"

"म्हंजे?"

"ज्याच्या हाती तुम्ही हे सगळं सोपवून जाणार, ते माणूस."

"तो व्हय? भगवान. माजा मोठा पोरगा."

"एकटा?"

"मंग काय वरात आणू?"

वसुंधराबाई हसल्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ह्यात तीन कामं आहेत, गंगाबाई. एक, मिळकत सांभाळायची. भाडं वसूल करायचं, बँकेत ठेवायचं आणि कुणी हात पसरला तर नाही म्हणायचं. दुसरं, शिवाचं बघायचं. तो कुठे राहील, काय खाईल, त्याचं औषधपाणी. आणि तिसरं काम म्हणजे ह्या दोघांचं नीट चाललंय ना, ते बाहेरून बघायचं. एकाच माणसाला तिन्ही देता येतात, कायद्याची हरकत नाही. पण पंचवीस वर्षांच्या वकिलीत तिन्ही कामांना पुरलेलं माणूस मी काही पाहिलं नाही. तेव्हा मला नुसती नावं नकोत. कुणी काय करायचं, ते ठरवून या."

"आणि ह्यो जिताडा?"

"तो घरी न्या. जिताड्याने सुटण्यातला प्रश्न नाही हा."

गंगाबाईला राग आला. जिताडा परत आल्याचा आला तसा त्या प्रश्नाचाही आला. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते तिला नको होतं.

शिवा तिचा धाकटा. वय पस्तीस, मिशी बापासारखी झुबकेदार, पण अक्कल सात-आठ वर्षांच्या पोराएवढी. जन्मताना काहीतरी अडलं, एवढंच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. स्वभावाने लाखात एक. बाजारात तो आईच्या पाटीमागे बसायचा, पिशव्या उघडून धरायचा, आणि गिऱ्हाइकाने 'काय शिवा' म्हटलं की दिवसभर खूश असायचा. त्याला फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली तर यायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी गोळ्यांत खंड पडला होता, तेव्हा तो बंदराच्या पायऱ्यांवरच कोसळला. भुवईवर पाच टाके पडले. तेव्हापासून तो गोळी घेऊन पाणी पिईपर्यंत गंगाबाई समोरून हलत नसे.

तिचं वय आता सदुसष्ट. नवरा विठू जाऊन नऊ वर्षं झाली होती. विठूची खाडीकाठची जमीन सरकारने घेतली, त्याबदल्यात साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत एक फ्लॅट आणि दोन गाळे वाट्याला आले. फ्लॅट भगवानला दिला. नीताला लग्नात दागिने दिले होते. राहिले दोन गाळे, ते शिवाचे. एकात औषधाचं दुकान होतं, दुसऱ्यात शिवणक्लास. ह्या वाटणीबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. अशी घरं थोडी असतात, आणि गंगाबाईला त्याचा अभिमान होता.

पण 'कुणाच्या हाती' हा प्रश्न वेगळा होता.

भगवान बंदरावर कंटेनर यार्डात नोकरीला होता. देवमाणूस. शिवा जेवढा त्याच्याजवळ हसायचा तेवढा आईजवळसुद्धा हसत नसे. पण भगवानच्या हाताला भोकं होती. कुणी 'दादा' म्हटलं की ह्याचा हात खिशात गेलाच. नारळी पौर्णिमेचा मांडव ह्याच्या पैशाने, शेजाऱ्याच्या पोराचा क्लास ह्याच्या पैशाने, आणि स्वतःच्या बायकोला, भावनाला, मंगळसूत्र सोडवून आणायचं वचन दोन वर्षं लटकलेलं. तो खोटं बोलत नसे, चोरी करत नसे. त्याला फक्त 'नाही' हा शब्द उच्चारता येत नसे.

नीता पतपेढीत कारकून. तिच्या तोंडात 'नाही' हा शब्द सदा तयार. लहानपणी ती आपला खाऊ मोजून ठेवायची आणि भगवानचाही. शिवावर तिचा जीव होता, नाही असं नाही, पण तो जीव ती 'शिवा, चमच्याने जेव', 'शिवा, नाक पूस' अशा हुकमांतून दाखवायची. ती आली की शिवा ताठ बसायचा.

म्हणजे हिशेब सरळ होता. गाळे नीताकडे, शिवा भगवानकडे. गंगाबाईला तो जिना उतरायच्या आधीच कळला होता. पण मोठा मुलगा धडधाकट असताना किल्ल्या परक्या घरी दिलेल्या लेकीकडे? कोळीवाडा काय म्हणेल? कोळीवाड्याचं एक वेळ जाऊ दे, त्याला उत्तर द्यायला तिची जीभ समर्थ होती. भगवानला काय वाटेल? 'आयेचा माझ्यावर भरवसा नाय' हे त्याच्या मनात एकदा बसलं आणि ती नसताना त्याने शिवावरून हात काढला, तर दोन काय, दहा गाळे असून काय चाटायचेत? ह्या एका भीतीने तिची झोप उडाली.

तिने बाजारातल्या बर्फवाल्या कमरुद्दीनला विचारलं. कमरुद्दीन पन्नाशीचा, मुंबईहून बर्फाच्या लाद्या आणून विकायचा. ह्या माणसाने तीस वर्षांत तिला एकदाही वितळलेली लादी दिली नव्हती. तो मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मिळकतीचं कामही बघायचा, म्हणजे ह्यातलं त्याला कळत असणार.

"कमरुद्दीनभाई, दोघांचं नाव घातलं तर? दोघांनी मिळून सगळं करायचं. कुनाचा मान जात नाय."

"गंगाबाय, अमानत हाय ती," तो भुसा झटकत म्हणाला. "अमानतीत मान बघायचा नसतो, काम बघायचं. पण तुमची पोरं, तुमाला जास्त ठाव."

माणसाला स्वतःच्या मनासारखं तेवढंच ऐकू येतं. गंगाबाईने 'तुमाला जास्त ठाव' एवढं उचललं आणि ठरवून टाकलं, दोघांनी मिळून. पण ती पक्की बाजारवाली होती, माल न तपासता घेणार नव्हती. गव्हाणला तिची बहीण आशालता गुडघे धरून बसली होती. 'तिच्याकडे आठ दिवस जाते,' असं सांगून तिने शिवाला भगवानच्या फ्लॅटवर सोडलं, आणि नीताला रोज संध्याकाळी तिथे यायला सांगितलं. खर्चाचं पाकीट भगवानच्या हातात दिलं, डॉक्टरांची चिठ्ठी नीताच्या हातात.

"दोघांनी मिळून बघा रं," ती म्हणाली. "वकीलबाईला तसंच सांगनार हाय मी."

"आये, तू बिनघोर जा," भगवान म्हणाला.

"मी आहे ना," नीता म्हणाली.

गव्हाणला गंगाबाईचे आठ दिवस मजेत गेले. बहिणीचे गुडघे चोळले, जुन्या भानगडी उकरल्या, आणि निघताना आशालताच्या मुलाने खाडीवरची पाटी भरून दिली. बोईट, कोळंबी, आणि पाय बांधलेल्या चिंबोऱ्या. रविवारी अकराच्या सुमाराला ती पाटी डोक्यावर घेऊन भगवानच्या दारात उभी राहिली.

शिवा धावत आला. त्याच्या पायात नव्या कोऱ्या चपला होत्या.

"आये, दोन चपला! दादानं पन आनल्या, ताईनं पन आनल्या!"

"वा रं माझ्या राजा. आनि गोली घेतली का?"

"गोली संपली."

गंगाबाईने पाटी खाली ठेवली. "कवा संपली?"

शिवाने बोटं उघडली, मिटली, परत उघडली. दोन. "मी दादाला सांगितलं. ताईला पन सांगितलं. दोगं हो बोलली."

तिने आत जाऊन स्वतः गोळ्यांचं पाकीट पाहिलं. रिकामं. शुक्रवार, शनिवार आणि आज सकाळची गोळी चुकली होती. ती खाली बसली. शिवाला जवळ ओढून त्याची भुवई चाचपत राहिली, जणू टाके अजून ओले होते.

मग जे व्हायचं ते झालं. भगवान बाहेरून आला, नीता रविवारची म्हणून सकाळपासूनच आली होती, ती गच्चीवरून खाली आली. भगवानला वाटलं होतं, चिठ्ठी नीताकडे, तीच आणणार. नीताला वाटलं होतं, पैसे दादाकडे, औषधाचं दुकान त्याच्या जिन्याखाली, तोच आणणार. ते दुकानसुद्धा कुणाचं, तर शिवाच्याच गाळ्यातलं. चपला मात्र दोघांनी आठवणीने आणल्या होत्या, एकाच दुकानातून, एकाच मापाच्या.

"खर्चाच्या पाकिटात पैसे होते ना?" नीता म्हणाली. "मग मला का नाही सांगितलंस संपली म्हणून?"

भगवानने पायातल्या चपला काढायला घेतल्या.

"दादा, पाकीट कुठाय?"

"यार्डातल्या एकाची बायको दवाखान्यात होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सोमवारी देतो बोलला. मंग मी चपला माझ्या पैशातून—"

"पहिल्याच आठवड्यात!" नीताचा आवाज चढला. "आये, ऐकलंस?"

"आनि तू गो?" गंगाबाई कडाडली. "चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवलीस. तिची काय पूजा करायची व्हती? पोरगा सांगतोय तोंडानं, गोली संपली, आनि दोगंही हो बोलताव! दोगांचं काम ते कुनाचंच नाय. त्यापरीस कुत्र्याच्या गल्यात चिठ्ठी बांधली असती, तर त्यानं आनली असती गोली."

भावना मध्येच चप्पल घालून खाली गेली आणि पाच मिनिटांत गोळ्या घेऊन आली. घरात शहाणं माणूस एकच होतं, आणि त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. शिवाने गोळी घेतली, पाणी प्यायला, तोंड उघडून जीभ दाखवली. दोन दिवस फिट आली नाही ही देवाचीच कृपा. गंगाबाईने एकविरेला हात जोडले आणि नवस कबूल केला.

नीता एका कोपऱ्यात, भगवान दुसऱ्या. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी पाटीतली एक चिंबोरी दोरी सोडवून फरशीवर चालू लागली आणि शिवा टाळ्या वाजवायला लागला.

"आदी वाटे घाला," गंगाबाई उठत म्हणाली. "तुमी कितीबी भांडा, मासली थांबायची नाय."

वाटे घालायची ह्या घराची रीत विठूच्या होडीवरून आली होती. होडी काठाला लागली की मासळीचे ढीग घालायचे. ढीग घालणाऱ्याने नाव घ्यायचं नाही. दुसऱ्या एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, आणि ढिगावर बोट ठेवून 'ह्यो कुनाचा?' विचारलं की न बघता नाव घ्यायचं. मग लहान आला, मोठा आला, तक्रार नाही. पाठ फिरवून नाव घेण्याचं काम शिवा दहा वर्षांचा असल्यापासून त्याचंच होतं. चोरून मागे बघणं त्याला जमतच नसे, आणि खलाशांना तेवढंच हवं असायचं.

भगवानने सवयीने ढीग घातले. चार. वाटेकरीही चार, आई, तो स्वतः, नीता आणि शिवा. शिवा भिंतीकडे तोंड करून ताठ उभा राहिला. ही जागा म्हणजे त्याची ऑफिसातली खुर्ची.

"ह्यो कुनाचा?" भगवानने पहिल्या ढिगावर बोट ठेवलं.

"होडीचा!" शिवा ओरडला.

भावना हसली, नीताही हसली.

"अरे शिवा, होडी कुठाय आता?" नीता म्हणाली. "विकली ना, बाबा गेले त्याच वर्षी."

"पयला वाटा होडीचा," शिवा भिंतीला सांगत होता. "बाबा बोलायचा. पयला होडीचा. मंग मानसांचा."

भगवान हसला नाही. ढिगावर ठेवलेलं बोट तसंच, तो आईकडे बघत राहिला.

"आये, होडीचा वाटा बाबाकडं नसायचा ना?"

"नाय. माज्याकडं असायचा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डांबर, दोरी, फली, त्याच्यासाठी."

"बाबा तांडेल. होडी त्याची, चालवायचा तो. तरी डबा तुझ्याकडं."

"मंग? त्याच्याकडं ठेवला असता तर होडी पयल्याच पावसाल्यात बुडाली असती. तुजाच बाप तो. गावभर वाटला असता." एवढं बोलून गंगाबाई थबकली. आपण काय बोललो, ते तिला आत्ता ऐकू आलं.

"आत्याच्या लग्नाला बाबानं डबा मागितला व्हता," भगवान म्हणाला. "मी सहावीत व्हतो. तू नाय बोललीस. बाबा तीन दिस तुझ्याशी बोलला नव्हता."

"आनि फुडल्या साली बुडाची फली कुजली," गंगाबाई हळूच म्हणाली. "त्याच डब्यातून बसवली."

"आनि बाबानं पयला गावलेला जिताडा तुझ्याफुडं आणून ठेवला. मना सगलं आठवतंय." भगवानने बोट उचललं आणि हात पुसले. "आये, तू आठ दिस गव्हाणला कशाला गेलीस ते मना ठाव हाय. वकीलबाईच्या जिन्यावरून उतरलीस तवाच तुझ्या तोंडावर दिसत व्हतं. माझा हात कसा हाय, ते तुझ्या आदी मना ठाव. मी बाबा हाय. नीता तू हाय. डबा नीताकडं दे."

पतपेढीत दिवसभर लोकांना नाही म्हणणाऱ्या नीताच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिने ओढणीच्या टोकाने रागारागाने पुसलं.

"पन शिवा माज्याकडं," भगवान पुढे म्हणाला, आणि आता त्याचा आवाज जरा फाटला. "तेवढं मागतो. तो काय खाईल, कुठं झोपंल, ते मी ठरवनार. त्यात हिनं चमचा घालायचा नाय."

"नाही घालणार," नीता म्हणाली. "पण बिल आणायचंस. आणि गोळ्या महिन्याच्या एकदम, पहिल्या तारखेला."

"आनतो ना बाय, आनतो."

आठ दिवस गंगाबाई ज्याला जपत होती, तो मान पोराने स्वतःच उचलून बाजूला ठेवला होता, आणि त्यात त्याचा मान रतीभरही कमी झाला नव्हता. उलट तिला तो विठूसारखा दिसला. ते सुख तिला एकदम झेपेना, म्हणून ती कोळंबी सोलायला बसली.

"पुडचा इचारा ना!" भिंतीकडून शिवा वैतागून म्हणाला. त्याचे पाय दुखायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी गंगाबाई तिन्ही पोरांना आणि कमरुद्दीनला घेऊन वसुंधराबाईंच्या जिन्यावर. गंगाबाईने होडीचा वाटा, डबा आणि कुजलेली फळी असं सगळं सांगितलं. वकीलबाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "हेच मी तेव्हा सांगत होते, पण तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत."

मग त्यांनी लिहून घेतलं. मिळकत सांभाळणारी विश्वस्त नीता. शिवाच्या राहण्याखाण्याचं आणि औषधाचं ठरवणारा विश्वस्त भगवान, आणि त्याच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज अलिबागला कलेक्टरांच्या समितीकडे वेगळा. दोघांचं अडलं तर निकाल द्यायला आणि वर्षातून एकदा कागद बघायला घराबाहेरचा तिसरा विश्वस्त कमरुद्दीन. त्याने आधी कानाला हात लावले, मग शिवाकडे पाहून हो म्हटलं. आणि भगवान किंवा नीता नसतील तेव्हा त्यांच्या जागी भावना. हे नाव गंगाबाईने सुचवलं. "गोली आनायला तीच उठली व्हती," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?" वकीलबाईंनी विचारलं. "जिवंत आहात तोवर तुम्हीच विश्वस्त राहू शकता. बरेच जण तसंच करतात."

गंगाबाईने विचार केला. मोह तर झाला. "नको," ती शेवटी म्हणाली. "मी असतानाच त्यांना करू द्या. चुकली तर शिव्या द्यायला मी हाय."

कागदाची नोंदणी झाली त्या दिवशी वसुंधराबाईंनी फी घेतली, आणि जिताडाही घेतला. काम झाल्यावरचा चालतो, असं त्या म्हणाल्या.

वर्ष सरलं. शिवाच्या गोळ्या पहिल्या तारखेला येत होत्या. भगवान त्याला रविवारी उरणच्या किनाऱ्यावर न्यायचा आणि भज्यांचंसुद्धा बिल मागायचा, त्यामुळे भजीवाला त्याला बिलवाला दादा म्हणायला लागला होता. नीता आली की शिवा अजून ताठ बसायचा, पण आता ती त्याला चमच्याची आठवण करून देत नसे. कधी कधी स्वतःच हाताने भात कालवून त्याच्याशेजारी बसायची.

पुढच्या वैशाखात गव्हाणला आशालताच्या नातवाचं लग्न निघालं. सख्ख्या बहिणीचा नातू, त्याला अंगठी घालायचं गंगाबाईने सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. नेमकी त्याच महिन्यात बाजारात मासळी कमी, आणि हात आखडता. तिने नीताला पतपेढीत गाठलं.

"दोन महिन्यांचं भाडं दे गो. श्रावणापातुर परत टाकते. माजाच गाला हाय तो, मीच दिलेला."

नीताने काउंटरच्या जाळीतून आईकडे पाहिलं. मागे चार माणसं रांगेत उभी होती.

"नाही, आये."

"नाय म्हंजे?"

"तो होडीचा वाटा आहे. अंगठीला माझ्याकडून घे, पगार झाला की देते. त्यातलं मिळणार नाही."

गंगाबाईचा पारा चढला. चाळीस वर्षं तिला कुणी काउंटरवरून असं परत पाठवलं नव्हतं, आणि हिला तिने नऊ महिने पोटात वागवलं होतं. ती तडक घरी आली. तीन दिवस तिने नीताचा फोन उचलला नाही. शिवाने फोन कानाला लावून 'आये रुसलीय' एवढं इमानदारीने सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती कमरुद्दीनच्या दुकानावर बर्फ घ्यायला गेली. तो लादी फोडत होता. ती पाटी टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "कमरुद्दीनभाई, तक्रार हाय. माज्या लेकीनं मला नाय म्हटलं. सख्ख्या आयेला. रांगेतल्या मानसांदेखत."

कमरुद्दीनने हातोडा थांबवला. वर्षभरात त्याच्याकडे आलेली ही पहिलीच तक्रार. "काय मागितलं व्हतं तुमी?"

तिने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज मऊ होत गेला, आणि शेवटी ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शिवा पाठीमागे पिशव्या घेऊन उभा होता, त्याला काहीच कळेना, म्हणून तोही हसू लागला.

"मला नाय म्हनाली ती, भाई. मला! मंग आता कुनालाबी म्हनंल." तिने शिवाच्या भुवईवरून हात फिरवला. "आता मी गेले तरी चालंल."

"तक्रार लिवून घेऊ की नको?"

"नको. चांगली मोठी लादी द्या."

कमरुद्दीनने लादी गोणपाटात गुंडाळून शिवाच्या खांद्यावर दिली. गंगाबाईने डोळे पुसले, पाटी डोक्यावर घेतली, आणि दोघं बाजाराकडे निघाली. वाटेत तिने नीताला फोन लावला, आणि पगार झाल्यावर अंगठीचं काय ते विचारलं.